अलाइनमेंट करूनही स्टेअरिंग परत परत वाकडं होतंय? आधी मागचा ॲक्सल मोजा

आमची १४ फुटी सहा चाकी गाडी आहे, तळोजा एमआयडीसीतून माल भरायचा, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव करत भिवंडीला गोडाऊनवर खाली करायचा, हेच रोजचं काम. यंदा पावसाळ्यात या गाडीने दीड महिना नुसता जीव खाल्ला. अलाइनमेंट करून आणली की आठ-दहा दिवस स्टेअरिंग एकदम सरळ, मग ड्रायव्हरचा फोन, शेठ स्टेअरिंग परत डावीकडे झोपलंय. परत नेली, परत सरळ करून दिली, परत दहा दिवसांनी तेच. तीन वेळा झालं असं, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. चौथ्यांदा पैसे घालायच्या आधी आम्ही स्वतः गाडीखाली शिरलो आणि दोष स्टेअरिंगच्या आसपास कुठेच नव्हता, तो मागे डाव्या पाट्याखाली होता (पाटे म्हणजे ॲक्सलवर बसलेली लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग). हा त्रास बऱ्याच जणांना आहे हे माहितीय म्हणून सगळं नीट सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, गाडी ओढते आणि स्टेअरिंग वाकडं आहे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. गॅरेजवाल्याला नुसतं अलाइनमेंट आउट आहे असं सांगितलं की तो आपल्या मनाने काहीतरी करतो. सकाळी लवकर ठाणे-बेलापूर रोडला ट्रॅफिक कमी असतं तेव्हा महापे ते रबाळे असा एखादा सपाट सरळ पट्टा धरा, ३०-४० चा स्पीड, आजूबाजूला कोणी नाही बघून स्टेअरिंगवरचा जोर कमी करा, हात मात्र अगदी लागूनच ठेवायचे, सोडायचे नाहीत. गाडी सरळ जातेय पण स्टेअरिंगची दांडी तिरकी दिसतेय, तर मामला सेंटरचा (म्हणजे चाकं सरळ असताना स्टेअरिंगही सरळ असण्याचा) किंवा मागच्या ॲक्सलचा. गाडी स्वतःहून एका बाजूला जातेय तर आधी टायरची हवा दोन्हीकडे सारखी आहे का बघा (गाडी थंड असताना), एखादा ब्रेक धरून राहतोय का ते बघा, चालवून आल्यावर ड्रमजवळ हात नेला तरी कळतं कुठला जास्त तापलाय. तरी शंका राहिली तर पुढचे दोन टायर डावा-उजवा बदलून बघा, ओढ बाजू बदलून गेली तर टायरचा दोष. आणि आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डावीकडे उताराचे असतात, त्यामुळे डाव्या लेनमध्ये थोडी डावीकडे जाणं हा गाडीचा दोष धरू नका, जमलं तर मधल्या लेनमध्ये बघा.

दुसरं, किती वाकडं आहे ते मोजा, याने अर्धं निदान होतं. मी स्टेअरिंगच्या रिमवर वर मध्यभागी पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्या बरोबर समोर डॅशबोर्डवर दुसरी. सरळ रोडवर दोन पट्ट्यांत किती बोटांचं अंतर पडतं ते ड्रायव्हरने बघायचं. आमच्यात दरवेळी पडलेलं अंतर मिळून तीन बोटं डावीकडे झालं होतं. आता हिशेब सांगतो. स्टेअरिंगचा व्यास ४५० मिलिमीटरच्या आसपास धरला तर १० अंश म्हणजे रिमवर ४ सेंटिमीटर, साधारण दोन बोटं. आमचं तीन बोटं म्हणजे १४ अंश. ट्रकच्या स्टेअरिंग बॉक्सचा रेशो साधारण २० ला १ धरा, म्हणजे स्टेअरिंग २० अंश फिरलं की चाक १ अंश वळतं. तर १४ अंश म्हणजे पुढची चाकं ०.७ अंश डावीकडे वळवून ठेवल्याशिवाय गाडी सरळ जात नव्हती.

आता टो बदलला की स्टेअरिंग का वाकडं होतं ते. टो म्हणजे वरून बघितलं तर पुढच्या दोन चाकांची तोंडं एकमेकांकडे (टो-इन) किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते. ट्रकचा पुढचा ॲक्सल सलग असतो, दोन्ही चाकांना जोडणारा एक टाय रॉड, आणि स्टेअरिंग बॉक्समधून खाली लोंबणाऱ्या ड्रॉप आर्मपासून उजव्या चाकाच्या आर्मला जोडणारी ड्रॅग लिंक. टाय रॉड लांब-आखूड केला की टो बदलतो, ड्रॅग लिंक लांब-आखूड केली की फक्त स्टेअरिंगचं सेंटर बदलतं, टोला धक्का लागत नाही. हे एवढं डोक्यात बसलं की निम्म्या गॅरेजवाल्यांपेक्षा आपण पुढे. टाय रॉड फिरवताना उजवं चाक ड्रॅग लिंकने धरलेलं असतं, त्यामुळे सगळा फरक डाव्या चाकात जातो, पण रोडवर गेल्यावर दोन्ही चाकं तो फरक निम्मा निम्मा वाटून घेतात आणि तेवढं स्टेअरिंग फिरतं. १६ इंची रिमवर ७ मिलिमीटर टो बदलला तर तो एकूण १ अंश, वाटून प्रत्येक चाकाला अर्धा, गुणिले २०, झाले १० अंश. म्हणजे ७ मिलिमीटरला दोन बोटं. म्हणून टो झाल्यावर ड्रॅग लिंकने सेंटर करून द्यावंच लागतं, घाईत बरेच जण हे करत नाहीत आणि गाडी बाहेर काढतात. तुमची अलाइनमेंट एकदाच झाली आणि त्याच दिवसापासून स्टेअरिंग बोट-दोन बोटं वाकडं आहे तर ९० टक्के हेच समजा, परत न्या आणि टो न हलवता फक्त ड्रॅग लिंकने सेंटर करून द्या असं स्पष्ट सांगा. दोन-अडीच मिलिमीटरने ड्रॅग लिंक हलली तरी तीन बोटं फरक पडतो, एवढं नाजूक काम आहे ते, त्यामुळे पाइप गरागरा फिरवणारा मिस्त्री दिसला तर थांबवा त्याला.

पण बसलेलं सेंटर आठ-दहा दिवसांत परत जातंय तर काहीतरी हलतंय. लोखंड आपोआप जागा बदलत नाही. आम्ही तिथेच चुकलो, तीन वेळा तेच तेच करून घेतलं, का हलतंय हे कोणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

काय काय हलू शकतं ते बघायची पद्धत सोपी आहे पण दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या टायरला दोन्हीकडून लाकडी ठोकळे, इंजिन चालू म्हणजे पॉवर स्टेअरिंगचा जोर मिळतो. एकाने केबिनमध्ये बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवत राहायचं, दुसऱ्याने एकेका जॉइंटवर बोटं ठेवून बघायचं, हात चाकाच्या आणि लिंकच्या मध्ये येणार नाही ही काळजी घेऊन. ड्रॅग लिंकचे दोन्ही बॉल जॉइंट, टाय रॉड एंड दोन्ही, ड्रॉप आर्मचा नट, आणि स्टेअरिंग बॉक्स जिथे चासीला बसतो ते बोल्ट, बॉक्सच जर चासीवर हलत असेल तर बाकी सगळं करून उपयोग नाही. डोळ्याला दिसणार नाही इतका प्ले (ढिलेपणा) बोटाला टक् करून कळतो. लिंक आणि टाय रॉडच्या पाइपवरच्या क्लॅम्पचे बोल्ट पाना लावून बघा, नुसते बघून सांगता येत नाही. मग पुढचं चाक जॅकवर उचलून खाली घोडी लावा आणि चाक वर-खाली धरून हलवा. प्ले आला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा, ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग ढिली, तरीही राहिला तर किंगपिन (ज्या पिनेवर पुढचं चाक डावं-उजवं वळतं ती) आणि तिचे बुश गेले. आमच्यात किंगपिनला अगदी किंचित होता, बाकी सगळं घट्ट. तिथे मी हताश झालो होतो खरं सांगायचं तर, कारण मला वाटलं होतं एखादा जॉइंट सापडेल, बदलू, सुटू.

डोकं चाललं ते आमच्याच ड्रायव्हरचं. तो म्हणाला शेठ, परवा पाऊस थांबल्यावर गोडाऊनच्या सुक्या लादीवरून गाडी ओल्या टायरने सरळ बाहेर काढली तेव्हा मागच्या टायरचा ठसा पुढच्याच्या डावीकडे पडत होता. म्हणजे गाडी खेकड्यासारखी थोडी तिरकी चालत होती. आमच्या ओळखीचे तुर्भ्याचे पाट्याचे काम करणारे एक मिस्त्री काका आहेत, त्यांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, ओळंबा आहे का घरात?

गवंड्याचा ओळंबा घेऊन रविवारी सकाळी गोडाऊनमध्ये सपाट काँक्रीटवर गाडी लावली. रिकामी गाडी, पुढची चाकं सरळ, आणि लावताना शेवटचे दहा-पंधरा फूट पुढेच घेत आणायची, रिव्हर्स घेऊन लावली तर पाटे आणि जॉइंट वेगळे बसतात. चारही चाकांच्या हबच्या बरोबर मध्यातून ओळंबा सोडला, वारा नको म्हणून शटर अर्धं खाली घेतलं, गोळा थांबेपर्यंत वाट बघायची आणि टोक जिथे टेकतं तिथे खडूने बारीक फुली. मग गाडी पुढे काढून घेतली, जमिनीवर चार फुल्या राहिल्या. पुढची ते मागची उजवीकडे ३,४०२ मिलिमीटर, डावीकडे ३,४२१. आम्ही तीनदा मोजलं. १९ मिलिमीटरचा फरक. हा फरक पुढच्या ॲक्सलमुळे पण येऊ शकतो, त्यामुळे नक्की करायला पाट्याच्या पुढच्या पिनपासून ॲक्सलपर्यंत दोन्हीकडे मोजलं. पुढे सारखं, मागे डावीकडे १२ मिलिमीटर जास्त. म्हणजे मागचा ॲक्सल डाव्या बाजूने १२ मिलिमीटर मागे गेला होता. पाट्यांमधलं अंतर आमच्या गाडीत मीटरभर आहे, मीटरला १२ मिलिमीटर म्हणजे ०.७ अंश. वर स्टेअरिंगवरून काढलेला आकडा पण ०.७ च. तो आकडा जुळला तेव्हा मला जे बरं वाटलं ते सांगता येणार नाही, दीड महिन्यात पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं होतं.

डावं मागचं चाक मागे सरकलं की ॲक्सलचं तोंड डावीकडे होतं, तो गाडीचा मागचा भाग डावीकडे ढकलत राहतो, आणि गाडी सरळ न्यायची तर पुढची चाकंही तेवढीच डावीकडे वळवून धरावी लागतात. म्हणून स्टेअरिंग डावीकडे. अलाइनमेंटवाले फक्त पुढच्या दोन चाकांना गेज लावत होते, त्यांच्या मशीनला मागचं दिसतच नव्हतं. ते त्या दिवशीच्या वाकड्या ॲक्सलप्रमाणे ड्रॅग लिंक फिरवून स्टेअरिंग सरळ करून द्यायचे, मग खड्ड्यांत आणि ब्रेकिंगमध्ये ॲक्सल अजून दोन-चार मिलिमीटर मागे जायचा की परत वाकडं. म्हणून गाडी नेताना आधी विचारा, मागच्या चाकांना पण सेन्सर लावता का. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

काकांनी चाक काढून टॉर्च मारला आणि मला बोलावून दाखवलं. पाटा ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू बोल्टच्या प्लेटच्या कडेने गंजासारखा लाल बारीक भुगा बसला होता, बोटाला लागला तर कुंकवासारखा, आणि ॲक्सलच्या बैठकीवर पाट्याच्या मागे नखाएवढ्या रुंदीचा पट्टा रंग घासून चकचकीत झाला होता. लोखंड लोखंडावर घासलं की हा भुगा पडतो, म्हणजे यू बोल्ट ढिले आणि पाटा सरकतोय. यू बोल्ट खोलल्यावर सेंटर बोल्टचं डोकं तुटून खाली पडलं. बऱ्याच जणांना वाटतं ॲक्सलला सेंटर बोल्ट धरून ठेवतो, तसं नाहीये. धरून ठेवतात यू बोल्ट, त्यांच्या दाबाने. सेंटर बोल्टचं काम पाट्यांची चवड एकत्र ठेवणं आणि त्याचं डोकं बैठकीच्या भोकात बसवून जागा दाखवणं एवढंच. यू बोल्ट ढिले झाले की सगळा मार त्या एका बोल्टावर येतो आणि तो तुटतो. म्हणून नुसता सेंटर बोल्ट बदलून जुनेच यू बोल्ट परत आवळले तर महिन्याभरात पुन्हा तेच. आम्ही दोन्ही बाजूचे यू बोल्ट नट सकट नवे टाकले, पाटे सगळे साफ करून एकेक तपासले, मेन पाट्याला तडा नव्हता हे नशीब. आवळताना गाडीचं वजन ॲक्सलवर असताना, समोरासमोर तिरके नट थोडे थोडे करत, टॉर्क पाना लावून, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे. पाइप घालून अंदाजाने आवळू नका.

आता इथे बरेच जण घाबरतात म्हणून मुद्दाम लिहितो. ॲक्सल जागेवर बसवल्यावर गाडी रोडवर काढली तर स्टेअरिंग डावीकडचं सरळ व्हायच्या ऐवजी उजवीकडे गेलं, तेही चांगलं दोन बोटांच्या वर! ड्रायव्हरचा चेहरा पडला, मला पण धस्स झालं. पण विचार केला तर तसंच व्हायला पाहिजे होतं. आधीच्या अलाइनमेंटमध्ये वाकड्या ॲक्सलप्रमाणे ड्रॅग लिंक हलवली होती, आता ॲक्सल सरळ झाला तर ती सगळी भर उघडी पडली. शिवाय एका ठिकाणी ड्रॅग लिंक न हलवता सरळ स्टेअरिंगचं चाकच ओढून काढून एक दात फिरवून बसवलं होतं, हे ड्रायव्हरने तेव्हा बघितलं होतं पण मला आता सांगितलं.

स्टेअरिंग काढून बसवणं हा उपाय नाही, कृपया करून देऊ नका. दिसायला दांडी सरळ दिसते पण आतला बॉक्स सेंटरला राहत नाही. ट्रकच्या बॉक्समध्ये सेंटरला दात सगळ्यात घट्ट बसतात, बाजूला गेलं की प्ले वाढतो, म्हणजे सरळ रोडवरच गाडी भरकटल्यासारखी होते आणि ड्रायव्हर सारखा सावरत बसतो. एका बाजूचा टर्न पण कमी पडू शकतो. आणि दातांनी कधी अचूक बसतही नाही, ३६ दात असले तर एक दात म्हणजे १० अंश, त्याच्या मधलं काही नाही.

म्हणून सेंटर पहिल्यापासून लावलं. ड्रॅग लिंकचं ड्रॉप आर्मकडचं टोक सोडवलं, इंजिन बंद, स्टेअरिंग हलक्या हाताने एका टोकापर्यंत, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजत. टोकाला गेल्यावर जोर लावायचा नाही. जेवढे फेरे आले त्याच्या बरोबर निम्मे परत, तो बॉक्सचा सेंटर. तिथे स्टेअरिंगची दांडी सरळ येत नव्हती, एक दात मागे घेतल्यावर आली, म्हणजे तेव्हा फिरवलेलं आम्ही मूळ जागेवर आणलं. मग दुसऱ्या ठिकाणी, चारही चाकांचं मशीन असलेल्याकडे, स्टेअरिंग सेंटरला लॉक करून टो बघून घेतला, आमच्या गाडीला पुस्तकात एक-दोन मिलिमीटर टो-इन आहे तेवढा ठेवला, आणि शेवटी पुढची चाकं सरळ असताना ड्रॅग लिंक त्या लांबीला आणून जोडली. नट आवळून स्प्लिट पिन नवीन, जुनी सरळ करून परत घालायची नाही, इथे शंभर रुपये वाचवायला जाऊ नका. पाइपमध्ये दोन्हीकडे चुडी (आटे) पुरेशी आत आहे का तेही बघून घ्या, खाचेच्या पुढे गेलेली पाहिजे. आणि कोणी ड्रॅग लिंक किंवा टाय रॉड तापवून वाकवतो, वेल्डिंग मारतो म्हणाला तर गाडी तिथून घेऊन निघा, ती तुटली तर स्टेअरिंगच हातात राहत नाही.

काही गाड्यांना ड्रॅग लिंक फिक्स लांबीची असते, तिथे फिरवायला काही नसतं, त्यामुळे सेंटर गेलं म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय हे नक्कीच धरा. रॅक असलेल्या छोट्या गाड्यांत वेगळं, तिथे दोन्ही बाजूला टाय रॉड असतात, एक जेवढा आत तेवढाच दुसरा बाहेर घ्यायचा म्हणजे टो तोच राहून सेंटर होतं.

टायरचं पण बघा. आमचे पुढचे टायर हाताने चोळले तर आतून बाहेर हात नेताना गुळगुळीत आणि उलट आणताना करवतीसारखे टोचत होते, हे टो चुकीचा राहिल्याचं लक्षण. दीड महिन्यात हे झालं. आणि ड्रायव्हरचा डावा खांदा, तो कधी बोलला नाही पण भिवंडीहून परत आल्यावर रोज दाबत बसायचा. दिवसाला आठ-दहा तास वाकडं स्टेअरिंग धरून माणूस गाडी चालवत होता आणि मी त्याला म्हणत होतो की होईल रे, पुढच्या खेपेला दाखवू. त्याने आधीच सांगितलं होतं की गाडी मागून काहीतरी वेगळी वाटतेय, तेव्हाच ऐकायला हवं होतं.

यू बोल्ट नवे टाकल्यावर माल भरून ५०० किलोमीटर झाले की परत टॉर्क पाना लावा, पाटे बसतात आणि बोल्ट थोडे ढिले होतातच. आमचे आठपैकी तीन नट पाव फेरा फिरले. त्यानंतर १,५०० ला पुन्हा बघितले, एकही हलला नाही. काल परत ओळंबा लावला, उजवीकडे ३,४०३, डावीकडे ३,४०४. स्टेअरिंगवरच्या दोन्ही पट्ट्या समोरासमोर आहेत, त्या मी काढलेल्या नाहीत. किंगपिनचा तो किंचित प्ले बाकी आहे, तो पुढच्या महिन्यात बुश टाकून काढतोय आणि त्यानंतर टो परत एकदा तपासून घेणार, कारण बुश बदलले की टो हलतो.